कुणाकडेच न जाणारं मूल, कुणाकडेही जाणारं मूल: घर आणि शाळेसाठी मार्गदर्शक

"कुणाकडेही जातो हो, अगदी माणसाळलेला आहे," असं आपल्याकडे कौतुकानं म्हणतात. पाच वर्षांचं मूल सोसायटीच्या लिफ्टमध्ये पार्सलवाल्याचा हात धरून सातव्या मजल्यापर्यंत जातं. शाळेत पहिल्याच दिवशी बाईंच्या मांडीवर जाऊन बसतं आणि सोडायला आलेली आई गेटबाहेर पडली तरी वळून बघत नाही. दुसरं एखादं मूल अगदी उलट असतं. गुडघा फुटून रक्त आलं तरी ते रडत कुणाकडे येत नाही, जवळ घेतलं की लाकडासारखं ताठ होतं. "शांत आहे, त्रास नाही" एवढ्या शेऱ्यावर ते वर्षभर सगळ्यांच्या नजरेतून सुटतं.

दोन्ही वागण्यांचं मूळ एकच असू शकतं. आयुष्याच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत भूक लागली, लागलं-खुपलं, भीती वाटली की धावून येणारं एक ठरलेलं माणूस या मुलाला मिळालेलं नसतं. अटॅचमेंट डिसऑर्डर, म्हणजे सांभाळणाऱ्या माणसाशी बंध न जुळण्याचा विकार, म्हणतात तो हाच. २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ या निदानाच्या नियमावलीत त्याचे दोन स्वतंत्र विकार केले आहेत. मूल कुणाकडेच सांत्वनासाठी जात नसेल तर रिअ‍ॅक्टिव्ह अटॅचमेंट डिसऑर्डर; अनोळखी माणसाकडेही बेधडक जात असेल तर डिसइनहिबिटेड सोशल एंगेजमेंट डिसऑर्डर. दोन्हींसाठी मुलाचं विकासाचं वय किमान नऊ महिने असावं लागतं आणि संगोपनात गंभीर कमतरता राहिल्याचा इतिहास असावा लागतो. पहिल्या प्रकाराची लक्षणं पाच वर्षांच्या आत दिसलेली असावी लागतात.

हा "गंभीर" शब्द महत्त्वाचा आहे. आई सकाळी ७.४० च्या लोकलनं जाते आणि मूल पाळणाघरात राहतं, एवढ्यानं हा विकार होत नाही. आजी, पाळणाघरातली मावशी आणि आई या तिघींशीही मुलाचं घट्ट नातं जुळू शकतं. प्रश्न येतो तो संस्थेत पाळीपाळीनं बदलणाऱ्या हातांत वाढलेल्या, एका नातेवाइकाकडून दुसऱ्याकडे फिरलेल्या किंवा व्यसन, मारहाण, दुर्लक्ष यांत पहिली वर्षं गेलेल्या मुलांचा. त्यांतल्याही सगळ्यांना हा विकार होत नाही. ऑटिझम, ऐकू कमी येणं, भाषा उशिरा येणं, एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) यांची लक्षणं वरवर सारखी दिसतात, त्यामुळे निदान बालमनोविकारतज्ज्ञांनीच करायचं. शिक्षकांनी आणि पालकांनी स्वतःच विकाराचं नाव ठरवण्याच्या फंदात पडू नये. पुढे दिलेल्या बहुतेक गोष्टी निदान होण्याआधी सुरू केल्या तरी त्यानं मुलाचं नुकसान होत नाही.

आधी दोन आठवडे वही

तज्ज्ञांकडे जाण्याआधी दोन आठवडे शंभर पानी वहीत नोंदी ठेवा. पानाचे पाच उभे रकाने पाडा: वेळ, आधी काय घडलं, मुलानं काय केलं, मोठ्यांनी काय केलं, शांत व्हायला किती मिनिटं लागली. घरी एक वही, शाळेत एक. "हट्टीपणा केला", "नाटकं केली" हे लिहायचं नाही, कारण त्यातून काहीच कळत नाही. "११.२०. चित्रकलेचा तास संपल्याची घंटा. रंगपेटी फेकली. बाई ओरडल्या. बाकाखाली गेला. २५ मिनिटं." असं लिहा.

दोन आठवड्यांनी वही उलटून पाहिली की राग "उगाच" येत नाही हे लक्षात येतं. बऱ्याच नोंदी एक गोष्ट संपून दुसरी सुरू होण्याच्या वेळेच्या, भुकेच्या किंवा माणूस बदलण्याच्या निघतात. लागल्यावर, ताप आल्यावर आणि घाबरल्यावर मूल कुणाकडे गेलं, हेही वेगळं टिपा. डॉक्टर ते नक्की विचारतात.

घरी: पहिले तीन महिने

मूल दत्तक आलेलं असो, नात्यातून आलेलं असो किंवा आपलंच, दीर्घ ताटातुटीनंतर परतलेलं असो, पहिला नियम असा की गरजा भागवणारे हात मोजकेच ठेवायचे. पहिले सहा ते आठ आठवडे भरवणं, आंघोळ, झोपवणं आणि लागल्यावर फुंकर घालणं ही चार कामं एका किंवा दोनच माणसांनी करावीत. आजी-आजोबांनी खेळावं, गाणी म्हणावीत. पण मूल पडलं तर उचलून आईबाबांकडे द्यावं. हे आजीला जड जातं. तिला आधीच समजावून सांगा, नाहीतर "माझ्या हाताला काय काटे आहेत का?" इथून घरात वेगळंच रामायण सुरू होतं.

बारसं, सत्यनारायण, सोसायटीच्या हॉलमधली पार्टी तीन महिने पुढे ढकला. पन्नास माणसांच्या हातांतून फिरताना हे मूल शिकतं की सगळी माणसं सारखीच. नेमकं तेच आपल्याला पुसायचं आहे.

खाण्याची गोष्ट वेगळी सांगायला हवी. पूर्वी उपाशी राहिलेली मुलं पोळी उशीखाली लपवतात, पोट भरलं तरी खात राहतात, दुसऱ्याचा डबा उघडतात. रागावलं की लपवणं वाढतं, कारण "अन्न कधीही जाऊ शकतं" ही त्यांची समजूत पक्की होते. करायचं असं: मुलाच्या हाताला येईल अशा फळीवर त्याच्या नावाचा एक डबा ठेवायचा. त्यात चुरमुरे, भाजलेले चणे, एखादं केळं असं जेवणाची भूक न मोडणारं काहीतरी ठेवायचं. मुलानं विचारायचं नाही, आपण हिशेब मागायचा नाही. डबा रोज सकाळी मुलाच्या डोळ्यांदेखत भरायचा. दोन-तीन आठवडे डबा दुपारपर्यंत रिकामा होईल. तरी भरत राहायचं. लोक पाचव्या दिवशी "लाडावतोय" म्हणून डबा बंद करतात, आणि मुलाचा अंदाज बरोबर ठरतो. शिक्षा म्हणून जेवण, दूध किंवा डबा बंद करणं या मुलांच्या बाबतीत कायमचं वर्ज्य.

रोज १५ मिनिटं, ठरलेल्या वेळी, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून जमिनीवर बसा. खेळ मूल ठरवेल. शिकवायचं नाही, प्रश्न विचारायचे नाहीत, दिसतंय ते बोलायचं: "लाल गाडी पुलाखाली गेली." दिवस कितीही वाईट गेलेला असो, ही १५ मिनिटं काढून घ्यायची नाहीत. एखाद्या रविवारी दोन तास खेळण्यापेक्षा रोजची १५ मिनिटं जास्त कामाची.

स्पर्शाची घाई नको. समोरून मिठी मारली की काही मुलं आक्रसतात. शेजारी बसून खांद्याला खांदा लागेल एवढंच आधी. डोक्याला तेल लावणं, नखं कापणं, टॉवेलनं केस पुसणं यांत काम असतं, म्हणून स्पर्श सहन होतो. "तेल लावू का?" हे विचारायचं, आणि "नको" म्हटलं तर खरोखर थांबायचं.

डोळा चुकवून जाऊ नका

आपल्या घरांतली ही सवय इतकी जुनी आहे की तिच्यात काही चुकतंय असं कुणाला वाटत नाही. मूल टीव्हीत रमलंय असं बघून आजी खूण करते आणि आई चपला हातात घेऊन दाराबाहेर सटकते. रडणं टळतं. पण मुलानं मान वळवली तर माणूस गायब! ज्याला माणसं गायब होण्याचाच अनुभव आहे, ते मूल त्यानंतर आईच्या मागे मोरीपर्यंत जातं किंवा तिच्या येण्याजाण्याकडे बघणंच सोडून देतं. "खालून पाच मिनिटांत येते" असं सांगून संध्याकाळी उगवणंही त्यातलंच.

त्याऐवजी:

१. निघण्याच्या दहा मिनिटं आधी सांगा. मुलाच्या उंचीवर वाका, पण बघायची सक्ती करू नका.
२. परतण्याची खूण घड्याळात सांगू नका, घटनेत सांगा. "सहा वाजता" हे चार वर्षांच्या मुलाला कळत नाही. "आजी देवापुढे दिवा लावेल, मग बेल वाजेल, मग मी" हे कळतं.
३. आपली एखादी वस्तू त्याच्याकडे ठेवा. ओढणी, जुना रुमाल, घराची जास्तीची किल्लीही चालते. किल्ली तर मुलांना फार पटते. ती घ्यायला तुम्ही येणारच.
४. रडलं तर रडू द्या. "तुला आवडत नाही मी गेलेलं. मी येणार आहे," एवढं म्हणा आणि निघा. दारात वीस मिनिटं समजूत घालत बसू नका.
५. परत आल्यावर पहिल्यांदा ते वाक्य पूर्ण करा: "दिवा लावला? बघ, आले."

उशीर होणार असेल तर फोन करून मुलाशी बोला, फक्त आजीशी नको. आणि "ऐकलं नाहीस तर पोलीसकाकांना देईन", "परत सोडून येईन" ही वाक्यं घरातून हद्दपार करा, अगदी चेष्टेतसुद्धा. पाहुण्यांनाही हे सांगायचं, तोंडावर सांगायचं.

पावसाळ्याची सोय आधीच

जूनमध्ये शाळा सुरू होते आणि त्याच सुमारास पाऊसही. ट्रान्स-हार्बर गाड्या रखडतात, घोडबंदर रोड तुंबतो, बस दीड तास उशिरा येते आणि न्यायला भलतंच कुणीतरी येतं. बाकीच्या मुलांना ती गंमत वाटते. या मुलाला ठरलेलं माणूस न येणं म्हणजे ते आता कधीच येणार नाही असं वाटतं.

मे महिन्यातच एक कार्ड करा. त्यावर तीन फोटो क्रमानं चिकटवा: पहिला रोज नेणाऱ्या माणसाचा, दुसरा ते आलं नाही तर येणाऱ्याचा, तिसरा दोघंही अडकले तर ज्या शिक्षिकेजवळ थांबायचं तिचा. कार्डाच्या तीन प्रती काढा: दप्तरात, वर्गशिक्षिकेकडे, बसमधल्या मावशींकडे. कोरड्या दिवसात दोनदा सराव करा. मुद्दाम दुसऱ्या माणसाला पाठवा, आदल्या रात्री आणि सकाळी सांगून. चौथा माणूस कधीही नाही, मग तो सख्खा मामा का असेना. जे मूल कुणाहीबरोबर जातं, त्याच्यासाठी हा नियम सुरक्षेचाही आहे.

शाळेत: एक माणूस ठरवा

वर्गात पन्नास मुलं असताना एकाकडे किती बघणार, हा शिक्षकांचा प्रश्न खरा आहे. म्हणून वेळ मोजूनच मागावा: दिवसातून तीनदा, दर वेळी एक-दोन मिनिटं. शाळेत आल्यावर, मधल्या सुट्टीनंतर आणि सुटण्याआधी. हे एकाच ठरलेल्या व्यक्तीनं करायचं. वर्गशिक्षिका असतील तर उत्तम, पण ग्रंथपाल, पी.टी.चे सर, वर्षानुवर्षं तिथे असलेल्या मावशीही चालतात. जी शाळा सोडून जाणार नाही आणि जी चटकन चिडत नाही, अशी व्यक्ती निवडा. ती रजेवर जाणार असेल तर आदल्या दिवशी मुलाला तसं सांगायचं आणि तिच्या जागी कोण ते दाखवायचं. अचानक रजा पडली तर फोनवरून एक निरोप: "आज मला ताप आहे. सोमवारी येते." हा निरोप मुलापर्यंत पोचला नाही तर वर्गात काय होतं, ते वहीत दिसेलच.

बसायची जागा भिंतीला पाठ लागेल आणि दार दिसेल अशी. मागून अचानक हात लावू नका. तास संपण्याआधी पाच मिनिटं आणि एक मिनिट, असं दोनदा सांगा. पूर्ण वर्गालाच सांगितलं की मूल वेगळं पडत नाही.

फळ्याशेजारी लावलेला चांदण्यांचा तक्ता या मुलांवर उलटतो. चांदणी मिळाली नाही की "मी वाईटच आहे" हे आधीपासूनचं मत पक्कं होतं, आणि काही मुलं मग तक्ताच फाडतात. सगळ्यांसमोर "शाब्बास, किती शहाणा आहेस तू!" म्हटलं तरी काहीजण पाच मिनिटांत काहीतरी मोडून ते खोटं ठरवतात. कौतुक हळू आवाजात, जाता जाता, एका नेमक्या गोष्टीचं करावं: "वही सरळ ठेवलीस." बस.

स्फोट झाला तर क्रम हा: बाकीच्या मुलांना बाजूला घ्या. तुमचा आवाज खाली आणा, वाक्यं चार-पाच शब्दांची. दोन हात अंतरावर, जरा तिरपं, शक्य तर खाली बसा. "मी इथेच आहे. कुणाला लागू देणार नाही." त्या वेळी "का केलंस?" विचारू नका, कारण उत्तर त्याच्याकडेही नसतं. पाणी पुढे ठेवा. श्वास मंदावला, खांदे खाली आले की आणखी दहा मिनिटं थांबा. इथेच बहुतेकजण घाई करतात आणि दुसरा भडका उडतो. नंतर दुरुस्ती: सांडलेले रंग दोघांनी मिळून गोळा करायचे. माफीनामा लिहून घेण्यापेक्षा हे जास्त उपयोगी पडतं. वर्गाबाहेर एकटं उभं करणं हे या मुलांच्या जुन्या दुखण्यावर बोट ठेवण्यासारखं आहे. शिवाय शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नं बंदी आहे.

चोरी आणि खोटं बोलणं यांवर शाळा सर्वांत जास्त घसरतात. पेन्सिल दप्तरात दिसत असताना "तू घेतलीस का?" विचारलं की मूल "नाही" म्हणणार, आणि मग पेन्सिल राहते बाजूला, खोटेपणाचा खटला सुरू होतो. माहीत असलेलं विचारूच नका. "सानिकाची पेन्सिल तुझ्या दप्तरात आहे. परत द्यायला मी बरोबर येते."

अभ्यासक्रमातही खाचा आहेत. परिसर अभ्यासातला वंशवृक्ष, "माझी आई" निबंध, "लहानपणीचा फोटो आणा" हे सगळं. मूल त्या दिवशी पोट दुखतं म्हणतं. वंशवृक्षाऐवजी पूर्ण वर्गाला "माझ्या घरातली माणसं आणि ती माझ्यासाठी काय करतात" हे चित्र द्या. निबंधाला "मला आवडणारं माणूस" हा पर्याय सगळ्यांना द्या.

घर आणि शाळा यांत फूट पडते तेव्हा

हा प्रकार हमखास होतो. मूल शाळेत गोड वागतं आणि घरी आल्यावर आईवर वस्तू फेकतं. शिक्षिकेला वाटतं, आईचंच काहीतरी चुकतंय. आईला वाटतं, शाळा आपल्याला दोषी धरते. खरं तर दिवसभर आवरून धरलेलं मूल त्यातल्या त्यात भरवशाच्या माणसापुढे सांडतं. दर शुक्रवारी दहा मिनिटांचा फोन आणि डायरीत रोज तीन ओळी (झोप, खाणं, एक चांगली गोष्ट) एवढ्यानं ही फूट बरीच भरते. मुलासमोर एकमेकांची तक्रार नको.

दत्तक असल्याची किंवा आधीच्या आयुष्याची माहिती मुख्याध्यापक, वर्गशिक्षिका आणि ठरलेली व्यक्ती एवढ्यांपुरतीच. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक शब्दही नाही. शाळेला मुलाच्या वागण्याची किल्ली हवी असते, त्याची कर्मकहाणी नको असते. मूल छळाबद्दल काही सांगू लागलं तर ते ऐकून घ्या, उलटतपासणी करू नका. "कुणाला सांगणार नाही" असं वचनही देऊ नका, कारण लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं पॉक्सो कायदा २०१२ नुसार बंधनकारक आहे.

कुणाकडेही जाणाऱ्यासाठी

"अनोळखी माणसाशी बोलू नकोस" हे या मुलाला लागू पडत नाही. दोन मिनिटं बोललं की त्याच्या लेखी ओळख झालेली असते. कागदावर तीन गोल काढा. आतल्या गोलात मिठी मारायची माणसं, चार-पाच नावं, फोटोसकट. मधल्यात हात मिळवायची माणसं: बाई, शेजारच्या काकू, मित्रांचे आईबाबा. बाहेरच्यात फक्त नमस्कार: वॉचमन, रिक्षावाले, दुकानदार. घरात रोज पाच मिनिटं नाटुकलं करा: बाबा पार्सलवाले होतात, मूल नमस्कार करून दोन पावलं मागे येतं आणि आईकडे बघतं. हे मागे वळून बघणंच शिकवायचं असतं, ते दिसलं की लगेच दाद द्या.

वॉचमन, बसमधल्या मावशी, खालचा किराणावाला यांना सांगून ठेवा: मूल हात धरायला आलं तर "आईला विचार" म्हणून परत पाठवा, चॉकलेट देऊ नका. आणि "मामीला पापा दे" हा नातेवाइकांचा आग्रह आपण हसत पण ठामपणे मोडायचा. धीर लागेल. रोमानियातल्या अनाथालयांतल्या १३६ मुलांवर झालेल्या बुखारेस्ट प्रकल्पात कुटुंबात गेल्यावर मुलांचं मिटून राहणं बरंच कमी झालं. कुणाशीही सलगी करणं मात्र अधिक चिवट ठरलं. दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेलेल्यांचे बंध अधिक चांगले जुळले.

मदत कुठे, आणि कशापासून लांब

ठाण्यात इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, कळव्यातलं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, नेरूळचं डी. वाय. पाटील रुग्णालय इथून सुरुवात करता येते. बालमनोविकारतज्ज्ञ कोणत्या वारी असतात ते फोन करून विचारा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनवर (१४४१६) मराठीत बोलता येतं. मूल धोक्यात असेल तर मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८. दत्तक पालकांनी लक्षात ठेवावं की पहिली दोन वर्षं दर सहा महिन्यांनी समाजसेविका पाठपुराव्याला येतात; त्यांच्यापुढे "सगळं छान" म्हणून वेळ मारून नेण्यापेक्षा वही पुढे करा.

समुपदेशक निवडताना एकच प्रश्न पुरतो: "सत्रात आम्ही बरोबर असणार का?" मुलाला एकटं आत घेऊन दर आठवड्याला तासभर बोलण्यानं सांभाळणाऱ्याशी नातं जुळत नाही, उपचार दोघांवर मिळून व्हायला हवेत. अटॅचमेंटवर गोळी नाही. औषध दिलं तर ते सोबतच्या एडीएचडी, झोप किंवा चिंतेसाठी असतं. मुलाला जबरदस्तीनं धरून ठेवणं, पांघरुणात गुंडाळून "नवा जन्म" देणं, कोंडणं, तहानलेलं ठेवणं असले उपचार कुणी सुचवले तर तिथून उठा. २००० साली अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये अशाच "पुनर्जन्म" सत्रात दहा वर्षांची मुलगी गुदमरून दगावली.

सुधारणा महिन्यांत आणि वर्षांत मोजावी लागते. दिवाळीची सुट्टी, घर बदलणं, नवीन इयत्ता या वेळी मूल दोन पावलं मागे जातं. वहीतल्या मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून बघा. बदलाची पहिली खूण बहुतेकांना तक्रारीसारखी वाटते. इतके दिवस वळूनही न बघणारं मूल एका सकाळी गेटवर तुमचा पदर सोडत नाही, रडतं. किंवा खेळताना पडतं, आजूबाजूला चार मोठी माणसं असतात, त्या सगळ्यांना ओलांडून ते लंगडत तुमच्यापर्यंत येतं आणि खरचटलेलं कोपर पुढे करतं. त्या दिवशी तारीख घालून वहीत लिहा.